भाताच्या शेतातले पोलाद

हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी रायपूर सोडून पश्चिमेकडे निघाली, की थोड्याच वेळात भाताची खाचरे मागे पडतात आणि क्षितिजावर धुरांडी दिसू लागतात. तेच भिलाई. लोहमार्गाच्या दक्षिणेस पोलादाचा कारखाना, त्याला लागून क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग असलेले आखीव नगर, आणि या नगराच्याही दक्षिण अंगाला रुआबांधा नावाचे ठिकाण आहे. महाराष्ट्रातील फारच थोड्या लोकांच्या कानांवरून हे नाव गेले असेल. आज या एका नावाखाली दोन वस्त्या नांदतात. एक कारखान्याने आपल्या नोकरांसाठी बांधलेल्या घरांची आणि दुसरी नगराच्या आखणीत न बसणाऱ्या माणसांची, जिला तेथे नुसते ‘बस्ती’ म्हणतात. १९५५ च्या पूर्वी यांपैकी काहीच नव्हते. छत्तीसगढच्या सपाटीवरील शेकडो खेड्यांसारखा हा प्रदेश होता. पाऊस पडला तर धान पिकावयाचे, आणि नाही पडला तर तरण्याताठ्या माणसांनी गाठोडे बांधून नागपूरच्या गिरण्या, जमशेदपूर किंवा थेट आसामचे चहाचे मळे गाठावयाचे, असा येथला रिवाज होता.

नुकताच पारतंत्र्यातून सुटलेला दरिद्री देश थोड्या अवधीत संपन्न कसा होतो, या प्रश्नावर ग्रंथांचे ढीग रचले गेले आहेत. परंतु दुर्ग जिल्ह्याच्या या पन्नास-शंभर किलोमीटरांच्या टापूत तो प्रश्न कोणाही ग्रंथाच्या आधी उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्नही याच टापूत झाला. तो कितपत सफल झाला याविषयी मतभेद आहेत, आणि ते असणे रास्तच आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने छत्तीसगढवर स्वारी केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून येथील कारभार पाहू लागला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर हा प्रदेशही इंग्रजांकडे गेला, आणि पुढे मध्यप्रांत निर्माण झाल्यावर येथील कागदपत्रे नागपूरच्याच दफ्तरात जमा होऊ लागली. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत भिलाईची राजधानी नागपूर हीच होती, ही गोष्ट आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे.

इंग्रजी अमदानीत या सपाटीला मिळालेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे आगगाडी. १८८० नंतर नागपूरहून राजनांदगावपर्यंत अरुंद मापाचा मार्ग झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडविला. या मार्गाचे रूळ इंग्लंडातून आले. पुलांच्या तुळया, एंजिने, चाके हीसुद्धा तिकडूनच आली. कंपनीच्या भागधारकांना ठरलेले व्याज मिळेल याची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने घेतली होती. म्हणजे भांडवलावरील व्याज येथून द्यावयाचे, मालाची किंमतही येथूनच द्यावयाची, आणि भट्ट्या मात्र परमुलखात पेटावयाच्या. आणि हे सर्व कोणत्या भूमीवर? ज्या वर्षी ही कंपनी निघाली त्याच १८८७ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस या बंगाली शास्त्रज्ञाने रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्यावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. दल्ली-राजहरा येथील डोंगरांत उत्कृष्ट प्रतीचे लोहखनिज असल्याची नोंद त्याने केली होती, आणि कोळशाच्या लहानलहान भट्ट्यांत ते वितळवून त्यावर पोट भरणारे कारागीरही त्याने पाहिले होते. विलायती लोखंड आगगाडीने दाराशी येऊन पडू लागल्यावर त्या भट्ट्या एकेक करून विझल्या. लोखंडाच्या डोंगराशेजारून परदेशी लोखंडाचा मार्ग गेला आणि त्या मार्गानेच देशी लोखंड मारले. वसाहतीचे अर्थशास्त्र याहून थोडक्यात सांगता येणे कठीण आहे.

ही विसंगती ज्यांना प्रथम टोचली त्यांत पुण्याचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे अग्रेसर होते. १८९० मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरविण्यात त्यांचाच पुढाकार होता. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अर्थशास्त्रविषयक निबंधसंग्रहात हिंदुस्थानातील लोखंडाच्या कारखान्यांच्या आरंभीच्या प्रयत्नांवर एक स्वतंत्र निबंध आहे. रानड्यांचा एकंदर रोख असा की, खुल्या व्यापाराचे जे सिद्धांत इंग्लंडला लागू पडतात ते मागासलेल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अशा देशात भांडवल भित्रे असते आणि कसबी माणसे थोडी असतात, म्हणून नव्या धंद्यांची वाट राज्यसंस्थेनेच प्रथम मळली पाहिजे. पुढे अर्ध्या शतकाने दिल्लीत जे धोरण आखले गेले त्याचे बीज मॉस्कोत शोधणाऱ्यांनी आधी पुण्याचा रस्ता धरावयास हवा होता!

वाट मळण्याचे काम राज्यसंस्थेने केले नाही, तेव्हा ते एका व्यापाऱ्याने अंगावर घेतले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडासंबंधीचा अहवाल त्यांच्या पाहण्यात आला. चांद्याच्या लोहारा येथील खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा एकत्र आणून कारखाना काढावयाचा बेत त्यांनी केला. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीस निरुपयोगी ठरला, आणि खाणीच्या परवान्याच्या अटी अशा होत्या की शहाण्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. १८९९ मध्ये कर्झनच्या अमदानीत त्या अटी सैल झाल्यावर म्हाताऱ्या जमशेटजींनी तो जुना बेत पुन्हा वर काढला. मधली सतरा वर्षे वाया गेली होती. एका माणसाच्या आयुष्यात सतरा वर्षे म्हणजे काय, आणि एका देशाच्या उद्योगधंद्यांत ती किती, याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात मांडलेला नसतो.

यानंतरची हकिकत प्रसिद्ध आहे, तरी पुनरुक्तीचा दोष पत्करूनही सांगण्यासारखी आहे. १९०३ मध्ये वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या रानात हिंडला आणि तेथे मोठा कारखाना चालण्याइतके लोखंड नाही असे त्याने सांगून टाकले. शोध सोडून द्यावा लागतो आहे हे कळविण्यासाठी दोराबजी टाटा नागपुरास सचिवालयात गेले. ज्यांना भेटावयाचे ते अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून दोराबजी समोरच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे नागपूरकर ज्याला ‘अजब बंगला’ म्हणतात त्यात शिरले. तेथे मध्यप्रांताचा भूस्तरदर्शक नकाशा टांगलेला होता, आणि त्यात दुर्गच्या बाजूस लोखंडाची खूण करणारा गडद रंग दिलेला होता. दोराबजी आणि वेल्ड तसेच तिकडे गेले. दल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर पाऊल टाकताच खाली धातू वाजावा तसा आवाज येऊ लागला. खनिज अव्वल प्रतीचे निघाले, पण जवळपास कोळसा नाही आणि भट्ट्यांना पुरेल इतके पाणी नाही. इतक्यात ज्या प्रमथनाथ बोसांनी हे डोंगर प्रथम नोंदले होते त्यांचेच १९०४ च्या फेब्रुवारीतील पत्र आले. ते आता मयूरभंज संस्थानच्या नोकरीत होते आणि तेथील लोखंड झरियाच्या कोळशाला अधिक जवळ होते. टाटांचा कारखाना साकचीस गेला. १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले. टाटा रूळ बनवतील तर त्यातला एकूण एक पौंड आपण खाऊन दाखवू, असे रेल्वेच्या एका बड्या साहेबाने म्हटले होते, अशी गोष्ट सांगतात. पहिल्या महायुद्धात त्याच साकचीच्या रुळांवरून इंग्रजांच्या फौजा मेसोपोटेमियात हिंडल्या. दुर्गचे डोंगर मात्र आणखी पन्नास वर्षे जसेच्या तसे पडून राहिले.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाची जमाखर्चाची वही अशी होती : विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात राष्ट्रीय उत्पन्न वर्षाकाठी शेकडा एकाच्या आसपासच वाढले, आणि लोकसंख्याही जवळजवळ तितकीच वाढत राहिल्याने माणशी वाढ नाममात्र उरली. सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या घरात होते. १९५१ च्या शिरगणतीत शंभरांत अठरा माणसे साक्षर निघाली. छत्तीस कोटींच्या या देशात १९५०-५१ मध्ये विक्रीयोग्य पोलाद सुमारे दहा लाख टन तयार झाले, म्हणजे माणशी तीन किलोदेखील नव्हे. नांगराचा फाळ, विहिरीचे रहाट, पुलाची तुळई आणि आगगाडीचा रूळ हे सारे या तीन किलोंत भागवावयाचे होते.

त्यातून बाहेर पडावयाचे कसे याविषयी एकमत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, शेतीचे खरे दुखणे जमिनीच्या तुकड्यांत नसून तिच्यावर अवलंबून असलेल्या जादा माणसांत आहे, आणि त्यावरील उपाय औद्योगिकीकरण हाच होय. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा केला तो याच दिशेचा, पण अधिक आग्रही होता. यंत्रे बनविणारी यंत्रे आणि ती ज्याची बनतात ते पोलाद यांवर आधी पैसा घालावा, उपभोगाच्या वस्तूंचा विचार मागाहून करावा, अशी त्याची मांडणी होती. मुंबई विद्यापीठातील वकील आणि ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये ग्रंथ लिहून याला विरोध केला. कामावर लावलेला मजूर पहिल्या दिवसापासून धान्य मागतो, कापड मागतो. ते आधी वाढविले नाही तर भाव भडकतील आणि यंत्रेही अडतील, असा त्यांचा मुद्दा होता. इकडे नगर जिल्ह्यात लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्येच शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालू करून तिसरे उत्तर दिलेले होते. ते उत्तर उसाला लागू पडले. पण रूळ काही सहकारी सोसायटी काढून निघत नाहीत. दिल्लीने पोलादाचा मार्ग धरला.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने उभारावयाचा, त्यासाठी सुमारे पासष्ट कोटी रुपयांचे कर्ज अडीच टक्के व्याजाने मिळावयाचे आणि बारा हप्त्यांत ते फेडावयाचे, असे ठरले. फेड रुपयांत करून त्या रुपयांचा भारतीय माल घेण्याची सोय होती, ही यातील खुबी. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. जर्मनांशी ओरिसातील राउरकेल्याची बोलणी आधीच झाली होती. इंग्रज मागे राहू इच्छीत नव्हते, त्यांच्याकडे बंगालमधील दुर्गापूर आले. प्रत्येकी दहा लाख टनांचे तीन कारखाने तीन परस्परविरोधी दरबारांकडून एकाच वेळी घेणे, आणि त्यांपैकी कोणाचाही अंकित न होणे, ही दुबळ्या राष्ट्राच्या मुत्सद्देगिरीची कमाल मानावी लागेल. ज्या विलायतेने पूर्वी रूळ विकले आणि परवाने अडविले, तीच आता कारखाना विकावयास दारात उभी होती. स्वातंत्र्याचा पैशांतला अर्थ एवढ्या एका गोष्टीतही दिसतो.

सोव्हिएत मदतीचा कारखाना भिलाईस येण्यात जुन्या मध्यप्रदेशाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या खटपटीचा भाग मोठा होता. परंतु १९०४ मध्ये जी जागा नापसंत ठरली ती १९५५ मध्ये पसंत का पडली, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पाण्याची अडचण बव्हंशी दूर झाली होती. दुष्काळनिवारणासाठी बांधलेले तांदुला धरण १९२१ पासून हाताशी होते. त्याचे पाणी कालव्याने आणून रुआबांध्याच्या शेजारच्या मरोदा येथील जलाशयात साठविता आले. शेतीसाठी अडविलेल्या पाण्यावर पोलाद पिकले असे म्हटल्यास चूक होणार नाही. चुनखडी जवळच नंदिनीस होती, मँगनीज बालाघाट-भंडाऱ्याकडून येऊ शकत होते. कोळसा मात्र होता तेथेच होता, शेकडो किलोमीटर दूर बिहारात. भूगोल बदलला नव्हता. हिशेब ठेवणारा बदलला होता. व्यापारी फक्त आपल्या कारखान्याचा खर्च पाहतो. सरकारने देशाच्या मध्यावर पडलेल्या एका मागास भागाचा हिशेब केला, आणि कोळशाच्या वाहतुकीचा बोजा उचलला. या उदारपणात पुढच्या एका दोषाचे मूळही होते. खर्च कोणी विचारावयाचा नाही अशी सवय एकदा लागली, की ती पोलादाला गंजासारखी चिकटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि भिलाईची सरकारी दप्तरे नागपूरहून नव्या राजधानीकडे, भोपाळकडे निघाली. कारखान्याचा पाया खणला जात असतानाच त्याचे राज्य बदलले. पण दिल्लीच्या केंद्र सरकारकडे सूत्रे असल्यामुळे कामात खंड पडला नाही.

उभारणीची चार-पाच वर्षे हा या कथेचा सर्वांत वेधक भाग होय. मुख्य सोव्हिएत अभियंता वेनियामिन दिमशित्स याने उरलच्या भागातील मोठमोठी कामे पाहिलेली होती. त्याच्या हाताखाली शेकडो रशियन आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून, बहुधा दुभाष्याच्या तोंडाकडे पाहात, तरुण भारतीय अभियंते काम करीत होते. अनेकांना शिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत धाडण्यात आले. जमिनी गेलेल्या गावांतील शेतकरी मात्र प्रथम कारखान्याच्या जवळ यावयास राजी नसत. भट्टी पेटावयास आणि पूल उभा राहावयास माणसाचा बळी लागतो, मुले पळवून नेतात, अशा वावड्या गावोगाव उठल्या होत्या. शहरी माणसे त्यांना हसली. पण ज्यांचे शेत, तळे आणि देवाचा पार एका नोटिशीने गेला, त्यांना यंत्र बळी घेते असे वाटले तर त्यांचे फारसे चुकले होते असे म्हणता येत नाही. परिणाम असा झाला की कायम नोकऱ्यांच्या पहिल्या लाटेवर पंजाबी, बंगाली, मलयाळी, आंध्र, बिहारी आणि काही मराठी माणसे चढली. छत्तीसगढी माणूस पुष्कळदा पाट्या उचलणाऱ्या कंत्राटी मजुरांत राहिला. त्याला पगारी नोकरीचे मोल कळले तोवर रांग लांब झाली होती.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पोलाद ओतले गेले. १९६० मध्ये रुळांची गिरणी चालू झाली. तिन्ही नव्या कारखान्यांत भिलाईने ठरलेल्या मुदतीचा आणि ठरलेल्या उत्पादनाचा मान सर्वांत चांगला राखला, ही गोष्ट सोव्हिएत पद्धतीचे टीकाकारही कबूल करीत. इंग्लंडचे रूळ ज्या मार्गावर पडले होते त्या मार्गाच्या कडेलाच, पाऊणशे वर्षांच्या आत, देशाचे रूळ तयार होऊ लागले. पुढे अनेक दशके भारतीय रेल्वेला लागणारे रूळ जवळजवळ एकट्या भिलाईने पुरविले. १९६७ मध्ये कारखान्याची शक्ती पंचवीस लाख टनांवर गेली.

येथवरची कहाणी अभिमानाची आहे, आणि बहुतेक वक्ते ती येथेच थांबवितात. परंतु पंचवीस लाखांवरून चाळीस लाखांवर जावयास भिलाईला पुढली एकवीस वर्षे लागली. ते साल उजाडले १९८८. याच काळात दुसरीकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानची वसाहत होता. नंतरच्या युद्धात तो उद्ध्वस्त झाला, आणि जपान्यांनी उभारलेले बहुतेक अवजड कारखाने फाळणीत उत्तरेकडे गेले. दक्षिण कोरियाने पोलादाचा कारखाना काढावयाचे ठरविले, तेव्हा १९६९ च्या सुमारास जागतिक बँकेने ती योजना परवडणारी नाही असा शेरा दिला आणि पाश्चात्त्य सावकारांनी हात वर केले. तेव्हा जपानकडून वसाहतकाळाबद्दल मिळालेल्या भरपाईचा काही भाग कोरियाने पोहांगच्या कारखान्यात घातला. खनिज परदेशचे, कोळसा परदेशचा. १९७३ मध्ये तेथे पहिले पोलाद निघाले, आणि कारखान्याची शक्ती होती भिलाईच्या आरंभाइतकीच, दहा लाख टनांच्या किंचित वर. १९८१ मध्ये ती पंच्याऐंशी लाख झाली आणि १९९२ मध्ये त्या कंपनीची एकूण शक्ती दोन कोटी टनांपलीकडे गेली. भिलाईच्या पायाशी लोखंडाचा डोंगर होता, पोहांगच्या पायाशी फक्त समुद्र होता.

या फरकाचा सारा दोष सरकारी मालकीवर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पोहांगही आरंभी सरकारीच होते. फरक कारखान्याच्या भिंतींबाहेर होता. कोरियाने युद्धापूर्वीच जमीनदारी मोडून कुळांना जमिनी देण्यास आरंभ केला होता, आणि प्राथमिक शिक्षण घरोघर पोहोचविले होते. आपल्याकडे योजनेच्या पहिल्या दशकात कारखान्यांच्या मानाने शेती आणि शाळा मागे राहिल्या. वकील-ब्रह्मानंदांनी वर्तविलेले संकट १९५७ मध्येच परकीय चलनाच्या तुटवड्याच्या रूपाने दारात आले. अमेरिकेच्या गव्हावर देश वर्षानुवर्षे पोसला गेला, आणि १९६५-६६ च्या अवर्षणानंतर तर योजनाच तीन वर्षे बाजूला ठेवावी लागली. दुसरी गोष्ट अशी की पोहांगचे पोलाद जगाच्या बाजारात विकले जावयाचे होते, किंवा ज्या गोदीत ते जाई त्या गोदीची जहाजे विकली जावयाची होती. महाग वा हिणकस माल तेथे खपणार नव्हता. भिलाईच्या पोलादाचे भाव आणि वाटप समित्या ठरवीत. गिऱ्हाईक अर्ज करून ताटकळत बसलेले, तेव्हा कारखान्याने धावावे कशासाठी? सरकारने कोरियन उद्योगपतींनाही पोसले, परंतु निर्यातीचे आकडे समोर ठेवून पोसले, आणि जो आकडा गाठीना त्याची वाटी काढून घेतली. आमच्याकडे एकदा वाढलेले ताट सहसा उचलले जात नसे.

या सगळ्याचा आकड्यांतला अर्थ असा. १९५० पासून १९८० पर्यंत भारताचे उत्पन्न दरसाल साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढले. इंग्रजी अमदानीच्या मानाने हा वेग तिपटीहून अधिक होता, हे विसरता कामा नये. पण लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त गतीने वाढत असल्यामुळे माणशी वाढ सव्वा-दीड टक्काच उरली, आणि त्या चालीने एका माणसाचे उत्पन्न दुप्पट व्हावयास पन्नास वर्षे लागतात. कोरियाच्या आठ-नऊ टक्क्यांच्या चालीने देशाचे उत्पन्न आठ-नऊ वर्षांतच दुप्पट होते. बापाच्या आणि मुलाच्या जगण्यात फरक पडतो तो या दोन चालींमधला.

आणखी एका धोरणाचा उल्लेख मराठी श्रोत्यांनी ऐकावयास हवा, कारण त्याचा लाभ त्यांच्या पदरात पडला आहे. १९५६ पासून पोलादाचा वाहतूकखर्च देशभर समान करण्यात आला. भिलाईच्या दारात जो भाव, तोच मुंबई बंदरात. हेतू उदात्त होता, सर्व प्रांतांना उद्योगाची समान संधी मिळावी. घडले असे की ज्यांच्याकडे आधीच बंदर, बँका आणि कसबी कामगार होते त्या मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवडकडे पोलाद त्याच भावात येऊ लागले, आणि दुर्ग-रायपूरला खाणीजवळ असण्याचा जो एकमेव फायदा होता तो नाहीसा झाला. कापसाचे वा उसाचे भाव असे कोणी समान केले नाहीत. १९९२ मध्ये हे धोरण गेले, तोवर छत्तीस वर्षे उलटली होती. महाराष्ट्राच्या औद्योगिक वैभवाच्या यादीत या उसनवारीची नोंद क्वचितच आढळते. त्याच सुमारास, १९६८ पासून, बस्तरमधील बैलाडिल्याचे खनिज गाड्या भरभरून विशाखापट्टणमला आणि तेथून जपानला जाऊ लागले होते. कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, हा दादाभाईंच्या काळचा व्यवहार स्वतंत्र देशाच्या सहीशिक्क्यानिशी चालू राहिला.

भिलाईच्या आतील जग मात्र देशाला हेवा वाटावा असे झाले. रुंद रस्ते, झाडी, शाळा, मोठे रुग्णालय, पेन्शनीपर्यंतची निश्चिंती. खेड्यातून आलेल्या निरक्षर मजुराचा मुलगा अभियंता झाल्याची उदाहरणे या नगरात गल्लोगल्ली सापडतात. जातीपातीची आणि प्रांतांची माणसे एकाच पाळीत, एकाच भट्टीपुढे घाम गाळीत होती. योजनाकारांनी जे स्वप्न पाहिले होते त्याचा हा तुकडा खराखुरा उतरला. पण त्याच्या कुंपणाबाहेर, दल्ली-राजहऱ्याच्या खाणीत हाताने दगड फोडणारे कंत्राटी मजूर त्याच कारखान्यासाठी त्याहून कितीतरी कमी मजुरीवर राबत होते. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली. त्या जूनमध्ये गोळीबार झाला, मजूर मेले. पण संघटना टिकली आणि १९८३ मध्ये तिने आपल्या वर्गणीतून खाणकामगारांसाठी रुग्णालयही काढले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींचा भिलाईत, झोपेत असताना, खून झाला. ज्या वसाहतीत तो झाला ती रुआबांध्यापासून फार दूर नाही. खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळावे यासाठी तेव्हा त्यांचा लढा चालू होता.

त्याच १९९१ साली देशाने आपले आर्थिक धोरण बदलले. परवाने गेले, भाव मोकळे झाले, वाढीचा वेग चढला. २०१८ पासून कच्च्या पोलादाच्या उत्पादनात भारत जगात चीनच्या खालोखाल दुसरा आहे, आणि त्याच वर्षी भिलाईची वाढीव शक्तीची नवी यंत्रणा राष्ट्राला अर्पण झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याच्या आणि त्याच्या खाणींच्या पटावर साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. आता त्याच्या निम्मेही नाहीत, आणि पोलाद मात्र जास्त निघते. उरलेले काम कंत्राटी माणसे करतात. आंबेडकरांनी शेतीवरील जी जादा माणसे उद्योगांत जावीत असे म्हटले होते, त्यांना सामावून घेण्याचे काम भिलाईच्या पिढीतील कारखान्यांनी काही काळ केले. नव्या यंत्रांना तितक्या माणसांची गरज नाही. रुआबांध्यात कायम नोकराच्या घरातून सायकल वा मोटार बाहेर पडते, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बस्तीतून त्याच पाळीला त्याच दरवाजाकडे कंत्राटाचा मजूर निघतो. दोघेही एकाच भट्टीवर जातात, पगाराच्या दिवशी मात्र दोघांच्या पाकिटांत अनेक पटींचे अंतर असते.

दोराबजींच्या पायाखाली वाजलेली राजहऱ्याची टेकडी आता जवळजवळ संपत आली आहे. साठ-पासष्ट वर्षांत ती रुळांच्या रूपाने देशभर पसरली. पुढचे खनिज अधिक दक्षिणेला, अबुझमाडच्या सीमेवरील रावघाटच्या डोंगरांत आहे. तिकडे दल्ली-राजहऱ्याहून नवा लोहमार्ग रानातून नेण्यात येत आहे, आणि त्यावर पडणारे रूळ भिलाईचे आहेत. त्या रानातील गोंड गावांनी कामाविषयी, जमिनीविषयी आणि देवराईंविषयी विचारलेले प्रश्न १९५५ मध्ये भिलाईच्या शेतकऱ्यांनी विचारले होते त्यांहून वेगळे नाहीत.